प्रवासाने माणूस बदलतो म्हणतात. नक्की कधी?

अर्धविराम

"प्रवासाने माणूस बदलतो" हे वाक्य चार लोकांत टाकून बघा, सगळे माना डोलावतात. मी सध्या आजारपणाच्या सक्तीच्या रजेवर आहे आणि प्रवासाभोवती फिरणारं जुनं साहित्य पुन्हा वाचतोय. जसजसं वाचतोय तसतसा माझा या वाक्यावरचा विश्वास उडत चाललाय. चालताना, होडीत, घोड्यावर कुणी फारसं बदलताना दिसत नाही. बदल होतो तो परत आल्यावर. कुणीतरी समोर बसून "मग? काय काय झालं?" विचारतं आणि उत्तर द्यावं लागतं तेव्हा.

ओडिसी हे जुनं ग्रीक काव्य घ्या. समुद्रप्रवासाचं महाकाव्य म्हणून आपण ते ओळखतो. पण एकडोळ्या राक्षस, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन, पाताळाची फेरी ही सगळी धमाल चोवीसपैकी फक्त चार सर्गांत आहे, नवव्यापासून बाराव्यापर्यंत. तीही कवी सांगत नाही. काव्याचा नायक ओडिसिअस स्वतः एका परक्या राजाच्या दरबारात, जेवणं झाल्यावर, रात्रभर सांगत बसतो. तेराव्या सर्गात त्याला घरच्या किनाऱ्यावर उतरवतात तेव्हा हा गडी गाढ झोपलेला! वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो झोपेत गेला. जाग आल्यावर स्वतःचंच बेट त्याला ओळखू येत नाही. उरलेलं निम्मं काव्य तिथेच घडतं, इथाकात.

आपल्याकडचे गोडसे भटजी घ्या. १८५७ साली वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. सापडले बंडात. झाशीच्या वेढ्यात अडकले, पुन्हा पुन्हा नागवले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावरून आणून आईवडिलांना स्नान घातलं. त्यांच्या लेखी प्रवास तिथे संपला. 'माझा प्रवास' मात्र १८८३च्या सुमारास लिहिला गेला, तोही चिंतामणराव वैद्यांनी मागे लागून लिहायला लावला म्हणून. मध्ये जवळजवळ पाव शतक. आपल्या ओळखीचे ते बारीक नजरेचे, भ्यायलो तर भ्यायलो म्हणून सांगणारे भटजी वाटेवर घडले, की बोरू हातात घेतल्यावर? माझा कौल बोरूला.

तर मंडळी, असा प्रवास दाखवा ज्यात माणूस वाटेवरच बदलला, कुणालाही काही न सांगता. झोडपायला मोकळीक आहे.

आग्यावेताळ

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

रानवाटा

पूर्ण असहमत. हे सगळं खुर्चीत बसून सुचतंय, राग मानू नका. लांब चालणाऱ्या कुणालाही विचारा. पहिले काही दिवस डोक्यात घर, ऑफिस, कुणाला काय बोललो, कोण काय बोललं याची दळण चालू असते. मग कधीतरी ती थांबते. थांबली हेही लगेच कळत नाही. पाय, पाठीवरचं ओझं, पुढचं पाणी कुठे, एवढंच उरतं. हा बदल नाही तर काय? मी तर कुणालाच काही सांगत नाही. घरचे विचारतात, मी "मजा आली" म्हणून मोकळा होतो.

जपानी कवी बाशो १६८९ साली उत्तरेकडे पायी निघाला, जवळजवळ पाच महिने चालला. त्याचं ते छोटंसं प्रवासवर्णन वाचा. ओळीओळीत चालणारा माणूस दिसतो.

अर्धविराम

रानवाटा, राग कसला, खुर्चीत बसूनच लिहितोय. पण बाशोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच्याबरोबर सोरा नावाचा शिष्य होता आणि तो रोजची नोंदवही ठेवत होता. ती १९४३ साली उजेडात आली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर अभ्यासकांच्या लक्षात आलं की बाशोने दिवस इकडचे तिकडे केलेत, क्रम बदललेत. एका मुक्कामात शेजारच्या खोलीत दोन वेश्या उतरल्याचा त्याचा सुप्रसिद्ध प्रसंग आहे, सोराच्या वहीत त्याचा मागमूस नाही. परतल्यावर बाशो काही वर्षं त्या मजकुरावर हात फिरवत राहिला आणि पुस्तक छापलं गेलं १७०२ साली, त्याच्या मृत्यूनंतर. ओळीओळीत दिसणारा तो चालणारा माणूस बसून घडवलेला आहे.

तुमची दळण थांबते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती घरी आल्यावर पुन्हा सुरू होते की नाही?

रानवाटा

होते. आठवडाभरात. पण म्हणून ती थांबलीच नव्हती असं कसं म्हणायचं?

मुळाक्षरे

धाग्यात अजून कुणी 'चरैवेति' म्हणालं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मीच म्हणतो. "चालत राहा, चालत राहा." ट्रेकिंग क्लबच्या टीशर्टावर, निरोप समारंभाच्या भाषणात, सगळीकडे असतं. ज्या गोष्टीत ते येतं ती मात्र फारशी कुणी सांगत नाही.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली गोष्ट आहे. हरिश्चंद्र राजाला मूल नाही. तो वरुणाला म्हणतो, मुलगा दे, त्यालाच तुला बळी देईन. रोहित जन्मतो. वरुण दारात हजर. राजा म्हणतो, दहा दिवस होऊ देत. मग दात येऊ देत. मग दात पडू देत. मग पुन्हा येऊ देत. मग शस्त्र धरता येऊ दे. सबबी संपतात तेव्हा मुलाला खरं सांगतो. रोहित म्हणतो जमणार नाही, आणि धनुष्य उचलून रानात निघून जातो. इकडे वरुणाच्या कोपाने बापाला जलोदर होतो, पोट फुगतं. मुलाला ते कळतं, तो घराकडे वळतो. वाटेत ब्राह्मणाच्या वेषात इंद्र भेटतो आणि म्हणतो, चालत राहा. बसलेल्याचं भाग्य बसून राहतं, चालणाऱ्याला मध मिळतो, सूर्य बघ कधी थकतो का, वगैरे. सुंदर श्लोक आहेत, वादच नाही. मुलगा पुन्हा रानात. दर वर्षाअखेर तो परत फिरतो आणि दर वेळी इंद्र त्याला माघारी पाठवतो.

सहाव्या वर्षी रोहितला एक उपाशी कुटुंब भेटतं. अजीगर्त, त्याची बायको, तीन मुलगे. रोहित म्हणतो, शंभर गाई देतो, यातला एक माझ्या जागी द्या. बाप थोरल्याला जवळ ओढतो, हा नाही. आई धाकट्याला जवळ ओढते, हा नाही. उरतो मधला, शुनःशेप. तो विकला जातो. यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधायला कुणी धजत नाही, तेव्हा बापच आणखी शंभर गाई घेऊन बांधतो, आणि आणखी शंभर घेऊन सुरी परजत पुढे येतो. पुढे देवांची स्तुती करून मुलगा सुटतो, विश्वामित्र त्याला आपला मुलगा मानतो. तो भाग वेगळा.

म्हणजे आपल्या परंपरेतलं प्रवासाचं सगळ्यात लाडकं बोधवाक्य एका पळून गेलेल्या राजपुत्राला उद्देशून आहे आणि त्याच्या सहा वर्षांच्या भटकंतीची किंमत तिसऱ्याच्या पोराने मोजली. रोहितमध्ये या काळात काय बदल झाला? ग्रंथ एक अक्षर बोलत नाही. मी रोहितला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही पळालो असतो. पण मला त्या मधल्या मुलाचं काय ते सांगा.

खडीसाखर

बाप रे. टीशर्ट आहे माझ्याकडे हा.

पिंपळपान

मुळाक्षरे यांना +१. पळण्याचाच विषय निघालाय तर बलराम. युद्धात कुणाचीच बाजू घ्यायची नाही म्हणून तीर्थयात्रेला गेला. शल्यपर्वात सरस्वतीकाठच्या तीर्थांची लांबलचक वर्णनं आहेत, दानं, ऋषींच्या कथा, सगळं निवांत. तिकडे अठरा अक्षौहिणी कापल्या जाताहेत. बेचाळीस दिवसांनी परततो तो थेट गदायुद्धाला, आणि भीमाने मांडीवर गदा घातल्याबरोबर नांगर उगारून धावतो. आता अर्धविराम, इतकी तीर्थं करून आलेल्या माणसाचा राग तसूभर तरी कमी व्हावा की नाही?

अवांतर: झाव्हिए द मेस्त्र नावाचा एक फ्रेंच लेखक द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल तुरीनमध्ये खोलीत नजरकैदेत होता. त्याने त्या खोलीतल्या खोलीत केलेल्या 'प्रवासा'चं पुस्तक लिहिलं, १७९४ साली आलं. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत. कैद किती दिवसांची? बेचाळीस! बलरामाने नदीकाठ पालथा घातला आणि याने खोली. पुस्तक याच्या नावावर.

आग्यावेताळ

हे बेचाळीसचं भारी आहे राव.

कंदील

बराच वेळ नुसती वाचत होते. मुळाक्षरेंच्या शेवटच्या वाक्याने लिहायला भाग पाडलं.

या धाग्यावर अजूनपर्यंत सगळे जाणारे आणि परतणारेच आहेत. घरी राहिलेल्यांचं काय? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नारायण वामन टिळक मनाला येईल तेव्हा घरातून नाहीसे व्हायचे. कुठे गेले, कधी येणार, पत्ता नाही. ते शोधात होते म्हणायचं, सत्याच्या, धर्माच्या. १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मागे. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पण मधल्या वर्षांत त्या आपल्या डोक्यातल्या सोवळ्याओवळ्याशी जो झगडा करतात आणि एके दिवशी ते बाजूला ठेवतात, तो मला मराठीतला सगळ्यात मोठा प्रवास वाटतो. टिळक हिंडून आले. पण बदल कसा झाला हे आपल्याला बाईंकडून कळतं, आणि तेही हसतहसत सांगितलेलं. नवऱ्याची थोरवीही त्याच पुस्तकात आहे हेही सांगते, नाहीतर अन्याय होईल.

आता घरचं. माझी आई काही वर्षं अंथरुणावर आहे. भाऊ लांब असतो, अधूनमधून येतो. मागच्या वेळी तो कुठल्याशा डोंगरातल्या मौन शिबिराला जाऊन मग घरी आला. स्वीकार म्हणजे काय ते तिथे उमगलं, असं मला सांगत होता. मनापासून सांगत होता, चेष्टा करत नाही. त्या वेळी मी आईला कुशीवर वळवत होते. एक हात खांद्याखाली, एक गुडघ्यामागे, तिच्या श्वासाबरोबर वळवायचं, पाठीशी उशी सरकवायची, मग टाचा बघायच्या, लाली आलीय का. लाली दिसली तर पुढच्या वेळी लवकर वळवायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, नर्सने दाखवलं होतं. पण आईचं कुठे दुखतं हे चेहऱ्यावरून वाचायला मला खूप दिवस लागले. भावाचं बोलणं संपल्यावर मी त्याला म्हटलं, दुसरी बाजू धर. त्याला कुठे धरायचं ते कळेना.

तो खोटा बोलत नव्हता. पण जे उमगलं ते त्याच्या हातापर्यंत पोचलं नव्हतं. तेव्हा अर्धविराम, "काय काय झालं" हे सांगितल्याने माणूस बदलतो हे मला पुरेसं वाटत नाही. सांगणारे खूप असतात.

रानवाटा

कंदीलताई, काय बोलावं कळत नाही. माझीही बायको मी आल्यावर "मजा आली" ऐकते आणि कामाला लागते. ती काय ऐकते याचा विचार केला नव्हता.

नीलमोहर

कंदील, ओडिसिअसला त्याची बायको कशी ओळखते आठवतंय? प्रवासातल्या पराक्रमांवरून नाही. ती दासीला सहज सांगते, पाहुण्यांचा पलंग बाहेर हलवून दे. हा चिडतो. तो पलंग हलूच शकत नाही, कारण जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या खोडावर यानेच तो बांधलेला. चिडला म्हणून पटला. वीस वर्षं जग हिंडून आला आणि परीक्षा कशाची, तर न हलणाऱ्या वस्तूची.

तसंच, प्रवास नेहमी स्वतःच्या मर्जीचा असतो असं धरून चाललोय आपण. पंडिता रमाबाईंचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थं फिरण्यात आणि पुराणं सांगण्यात गेलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण वाटेतच गेली. ती आणि भाऊ दोघंच उरली, ती देशभर चालत राहिली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली. अशा प्रवासाला 'आत्मशोध' म्हणायची माझी जीभ धजत नाही. पण पुढे त्यांच्या सगळ्या कामाची मुळं तिथेच आहेत, हेही खरं. तीच बाई अमेरिकेला जाऊन आल्यावर १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिते आणि त्यात निसर्गवर्णनापेक्षा शाळा, राज्यकारभार, बायकांची स्थिती यांना जास्त जागा देते. उपाशी चाललेल्या माणसाला देश बघताना काय दिसतं ते त्यात कळतं.

बोरूबहाद्दर

धागाकर्त्याच्या बाजूने एक पुरावा देतो, कुणीच देत नाहीये म्हणून. लीळाचरित्र, महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ. त्यातला 'एकांक' हा भाग चक्रधर एकटे हिंडत होते त्या काळाचा. बरोबर कुणी नाही, साक्षीदार नाही. म्हणजे तिथलं जे आहे ते त्यांनी मागून शिष्यांना सांगितलेलं. आणि त्यांच्यानंतर म्हाइंभटाने गावोगाव जाऊन एकेकाला गाठून आठवणी गोळा केल्या तेव्हा ते लिहिलं गेलं. एकाचं भटकणं, दुसऱ्याचं ऐकणं, तिसऱ्याची पायपीट. गोडसे भटजींचंही तसंच. वैद्यांनी १९०७ साली छापताना बरीच काटछाट केली होती, मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली ती आवृत्ती वाचा. सांगणारा एकटा नसतोच कधी.

अर्धविराम

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. कंदील, तुमच्या भावाचा प्रसंग माझ्या मांडणीत बसत नाही आणि मी तो बसवायला जाणार नाही. एक मात्र त्यावरून आठवलं.

युआन श्वांग हा चिनी भिक्षू हिंदुस्थानात येऊन ६४५ साली परतला. बादशहाने वृत्तांत मागितला, तो त्याने ६४६ साली दिला. म्हणजे सांगणं वर्षभरात उरकलं. मग ६६४ साली मरेपर्यंत १९ वर्षं तो आणलेल्या पोथ्यांची भाषांतरं करत बसला. याच माणसावर सोळाव्या शतकात ती माकडाच्या गोष्टीची प्रसिद्ध कादंबरी आली, 'पश्चिमेची यात्रा'. तिच्यात एक कासव आहे. जाताना ते या मंडळींना पाठीवरून मोठी नदी पार करून देतं. मोबदला एकच मागतं, बुद्ध भेटला की विचारा, मला मनुष्यजन्म कधी मिळेल. वर्षं जातात. भिक्षू बुद्धापर्यंत पोचतो. तिथे तर त्याला वाहत जाणारं स्वतःचंच प्रेत दिसतं, म्हणजे जुना देह सुटला. पोथ्या मिळतात. परत येताना तेच कासव पुन्हा पाठीवर घेतं आणि मध्यावर विचारतं, माझा प्रश्न विचारलात ना? भिक्षू गप्प. विसरला होता. कासव बुडी मारतं. माणसं, घोडा, पोथ्या सगळं पाण्यात. मग खडकांवर पानं वाळत घालत बसतात आणि उचलताना काही फाटतात.

ज्याला साक्षात निर्वाण मिळालं तो दुसऱ्याने दिलेला साधा निरोप विसरतो. कादंबरीकार किती खट्याळ असावा! पूर्ण झालेल्या माणसाच्या हातात फाटलेली पोथी देतो. तेव्हा हिशेब द्यायचाच असेल तर तो "मला काय काय दिसलं" याचा नसून, ज्यांच्या पाठीवरून गेलो त्यांनी काय सांगितलं होतं याचा असावा. शुनःशेप, लक्ष्मीबाई, कंदील यांचे प्रतिसाद मला तिकडे घेऊन गेले. बदल परतल्यावर होतो यावर मात्र मी अजून ठाम आहे.

रानवाटा

आणि मी वाटेवर होतो यावर. गिल्गमेश वाचलाय का, मेसोपोटेमियातल्या राजाचं ते प्राचीन महाकाव्य? अमर व्हायचं म्हणून जगाच्या टोकाला जातो. तिथला म्हातारा म्हणतो, अमरत्व मागतोस, आधी सहा दिवस सात रात्री जागून दाखव. हा बसतो आणि बसताक्षणी झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते, कारण उठल्यावर हा झोपलोच नव्हतो म्हणणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि तो खरंच तसंच म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागत होता! म्हातारा भाकऱ्या मोजायला लावतो. पहिली वाळून खडखडीत, मधल्यांना बुरशी, सातवी अजून निखाऱ्यावर. त्या क्षणी त्याला कळतं की आपण मरणार. घरी नाही, कुणाला गोष्ट सांगताना नाही. तिथे, भाकऱ्यांसमोर.

अर्धविराम

हे बिनतोड आहे. यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही, रजा शिल्लक आहे, शोधतो.

मुळाक्षरे

भाकऱ्या तरी कुणी भाजल्या? म्हाताऱ्याच्या बायकोने. कंदीलचा मुद्दा इथेही आहेच. बाकी चालू द्या.

खडीसाखर

मला एवढं वाचन नाही, पण बाराव्या शतकातल्या अत्तार या फारसी कवीचं पक्ष्यांचं काव्य कुणीच कसं काढलं नाही? सगळे पक्षी आपल्या राजाला शोधायला निघायचं ठरवतात, सात दऱ्या पार करायच्या असतात आणि शेवटी तीसच पोचतात. मला पोचलेल्यांपेक्षा निघायच्या आधीच्या सबबी आवडतात. बुलबुल म्हणतो मला गुलाब पुरे. बदक म्हणतं मी पाण्याशिवाय कसा राहू. ससाणा राजाच्या मनगटावर बसायचं सोडत नाही. चकोराला रत्नं हवीत. घुबड म्हणतं खजिना पडक्या घरातच असतो, मी का जाऊ? आणि त्यांचा वाटाड्या हुदहुद पक्षी एकेकाला झापत सुटतो. ज्याने त्याने आपापला पक्षी सांगा.

पिंपळपान

बदक.

आग्यावेताळ

ससाणा. मॅनेजरच्या मनगटावर.

कंदील

हुदहुद. आमच्या घरी सगळ्यांना झापायचं खातं माझ्याकडेच आहे.

बोरूबहाद्दर

पक्ष्यांचा वेगळा धागा काढा खडीसाखर, इथे गिल्गमेश राहून जाईल. अर्धविराम अजून उत्तर शोधताहेत.